उमेदवाराचा देव, मतदाराचा जाब



ज्यांच्या स्मरणार्थ अकलूजची ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मान डोलावणाऱ्या श्रोत्यापेक्षा उठून आडवा प्रश्न टाकणारा श्रोता आवडायचा, असं संयोजकांनी मला फोनवर सांगितलं. म्हणून विषयही असा घेतला आहे की तुमच्यातले निम्मे तरी माझ्याशी भांडतील. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाची श्रद्धा, त्याचे गुरू, त्याचा मठ किंवा आश्रम हे मतदाराने तपासावं का? आणि तपासायचं तर त्यातलं नेमकं काय?

सुरुवात राष्ट्रपतिपदापासून करतो. आपल्याला तिथे कोण विचारतं, असं वाटून कोणी जांभई देऊ नये. अकलूजचा त्या निवडणुकीत वाटा असतो आणि तो मोजता येतो. तो आहे 175. महाराष्ट्राची 1971 च्या जनगणनेतली लोकसंख्या, सुमारे 5 कोटी 4 लाख, तिला 288 आमदारांनी भागायचं, मग हजाराने भागायचं, की एका आमदाराच्या मताचं मूल्य निघतं. 19 जुलै 2007 रोजी राष्ट्रपतिपदासाठी मतदान झालं तेव्हा आपल्या मतदारसंघाचे, म्हणजे माळशिरसचे आमदार विजयसिंह मोहिते पाटील होते, आणि त्यांच्या मताचं मूल्य मुंबईतल्या कुठल्याही आमदाराइतकंच होतं. खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा 708 होतं. आमदाराच्या हातात गुलाबी मतपत्रिका येते, खासदाराच्या हिरवी. नावासमोर शिक्का मारायचा नसतो, पसंतीचा आकडा लिहायचा असतो. आणि मुख्य म्हणजे या मतदानाला पक्षाचा व्हिप लागत नाही. एरवी विधिमंडळात पक्ष सांगेल तिकडे हात वर करणारा आमदार त्या दिवशी कागदावर तरी मोकळा असतो. त्या मोकळेपणाचं त्याने काय केलं, हे त्याला मतदारसंघात कोणी विचारत नाही. ऊसदर विचारतो, रस्ता विचारतो, बदलीचं काम सांगतो. राष्ट्रपती कोणाला केलंत, का केलंत, हे विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

2007 च्या उमेदवार आपल्याच होत्या. प्रतिभाताई पाटील, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या. जळगावच्या एम. जे. कॉलेजातून शिकलेल्या, टेबल टेनिस गाजवलेल्या, मुंबईत कायद्याची पदवी घेतलेल्या. 1962 मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून 1985 पर्यंत. राज्यात मंत्री, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, मग अमरावतीच्या खासदार, 2004 पासून राजस्थानच्या राज्यपाल. थेट निवडणुकीत कधी हरल्या नाहीत. समोर होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, अपक्ष म्हणून उभे पण पाठिंबा रालोआचा. गंमत अशी की प्रतिभाताईंचे पती देवीसिंह यांचं आडनावही शेखावत आणि मूळही सीकर जिल्ह्यातलंच. त्यामुळे राजस्थानात ‘आमची सून’ आणि महाराष्ट्रात ‘आमची लेक’ असा दुहेरी प्रचार झाला.

त्यांचं नाव पुढे आलं त्याच्या आधी आणखी एक मराठी नाव चर्चेत होतं, शिवराज पाटील चाकूरकर यांचं. केंद्रीय गृहमंत्री, माजी लोकसभा अध्यक्ष आणि सत्य साईबाबांचे भक्त म्हणून सगळ्या देशाला माहीत. डाव्या पक्षांना ते चालले नाहीत. मग प्रतिभाताई. आणि त्यांच्याबाबतीत दोनच आठवड्यांत दोन वाद उभे राहिले.

पहिला उदयपूरला. महाराणा प्रताप यांच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी बायकांना पडदा सोडा असं सांगितलं, आणि ती चाल मोगलांच्या काळात, आक्रमकांपासून बचावासाठी आली असं कारण दिलं. मुस्लिम संघटना चिडल्या, इतिहासकारांनीही हरकत घेतली. दुसरा वाद माउंट अबूचा. ब्रह्माकुमारींच्या मुख्यालयात त्यांनी एक अनुभव सांगितला. संस्थेचे संस्थापक दादा लेखराज 1969 मध्येच वारलेले. संस्थेतल्या दादी हृदयमोहिनी यांच्या शरीरात ‘बाबा’, म्हणजे हेच लेखराज, आले, आपल्याशी बोलले, आणि मोठी जबाबदारी तुझ्याकडे येते आहे असा संकेत त्यांनी दिला, असं प्रतिभाताईंच्या सांगण्याचं तात्पर्य. दूरचित्रवाणीवर ती फीत दिवसभर फिरत राहिली. देशाच्या सर्वोच्च पदाची उमेदवार परलोकातल्या आत्म्याशी बोलते म्हणून हसू झालं, आणि हसणाऱ्यांत घरी वास्तुशांत करून, मुहूर्त काढून अर्ज भरणारे पुढारीही होते.

त्या महिन्याभरात तिसरंही एक प्रकरण निघालं होतं. प्रतिभाताईंच्या पुढाकाराने जळगावात निघालेली प्रतिभा महिला सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेने 2003 मध्ये तिचा परवाना रद्द केला. नातेवाइकांना कर्जं दिली, ती वसूल झाली नाहीत, असा विरोधकांचा आरोप. तो प्रतिभाताईंनी मान्य केला नाही. सहकारी बँक बुडाली की ठेवीदार कोणाच्या दारात उभा राहतो हे अकलूजच्या सभेत समजावून सांगायची गरज नाही. पण टीव्हीवर आत्मा जास्त चालला, बँक कमी. दादी, बाबा आणि माउंट अबू एका वाक्यात सांगता येतात. बँकेचा ताळेबंद वाचायला बसावं लागतं.

आता महाराष्ट्राच्या मतदारांनी, म्हणजे या 288 आमदारांनी आणि खासदारांनी काय केलं? रालोआत असूनही शिवसेनेने प्रतिभाताईंना मतं दिली. कारण एकच, मराठी व्यक्ती राष्ट्रपती होते आहे. बाळासाहेब ठाकऱ्यांनी हे उघड सांगितलं. इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या इतिहासातलं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमात धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्टाचार ठरतो. विलेपार्ल्याच्या डिसेंबर 1987 च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले, ती निवडणूक याच कलमाखाली उच्च न्यायालयाने रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 ला तो निकाल कायम केला, आणि त्याच प्रकरणात बाळासाहेबांचा स्वतःचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला मात्र 1952 चा वेगळा कायदा आहे, त्यात हे कलम नाही. म्हणून 2007 मध्ये ‘मराठी म्हणून’ मत देणं-मागणं कायद्यात बसलं. पार्ल्याच्या मतदारासमोर जे बोलता येत नव्हतं ते विधानभवनाच्या दारात बोलता आलं. पार्ल्याच्या मतदारापेक्षा आमदार जास्त शहाणा असतो, असं कायद्याने गृहीत धरलं असावं. मला त्याची खात्री देता येणार नाही.

प्रतिभाताईंना 6,38,116 मतमूल्य मिळालं, शेखावतांना 3,31,306. 25 जुलैला शपथ झाली. पुढच्या पाच वर्षांत त्यांच्यावर टीका झाली ती परदेश दौऱ्यांच्या खर्चावर आणि शेवटी शेवटी पुण्यात लष्कराच्या जमिनीवर बांधायच्या घरावर. घराचा विचार त्यांनी सोडून दिला. माउंट अबूचे बाबा मात्र त्या पाच वर्षांत कुठल्या फाइलवर उतरल्याचं दिसलं नाही.

मग 2007 मध्ये आपण चुकीच्या गोष्टीवर बोललो का? पूर्ण नाही. इथे श्रद्धेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांशी माझं भांडण आहे. ‘श्रद्धा खासगी असते, विचारू नका’ म्हणणं सोपं आहे, पण प्रतिभाताई खासगीत बोलत नव्हत्या. त्या सभेत बोलत होत्या आणि त्या अनुभवाचा संबंध त्यांनी स्वतःच येणाऱ्या जबाबदारीशी जोडला होता. राज्यघटनेच्या 74 व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतीला सल्ला देणारं एकच मंडळ असतं, मंत्रिमंडळ. तिथे दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याला जागा नाही, जिवंत असो वा दिवंगत. म्हणून ‘बाई, उद्या मंत्रिमंडळ एक सांगेल आणि तुमचे बाबा दुसरं, तर सही कशावर?’ हा प्रश्न रास्त होता. तो तसा कोणी विचारला नाही. हसून मोकळे झाले.

आणि त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधीच कागदावर होतं. राजस्थानात 2006 मध्ये वसुंधराराजे सरकारने धर्मांतराला आळा घालणारं ‘धर्मस्वातंत्र्य’ विधेयक विधानसभेत मंजूर केलं आणि राज्यपालांकडे सहीला पाठवलं. प्रतिभाताईंनी सही केली नाही. धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला त्यातल्या तरतुदींनी बाध येतो अशी हरकत घेऊन ते परत केलं. ज्या बाईंना आत्मा भेटतो त्यांनी धर्माच्या फाइलवर घटनेची बाजू धरली. 2007 च्या जूनमध्ये त्यांच्या श्रद्धेची चिंता करणाऱ्याने एवढी एक फाइल पाहिली असती तरी पुरलं असतं.

यावर तुम्ही म्हणाल, एका फाइलवरून कसं ठरवता? बरोबर. म्हणून दुसरी घेऊ. द्रौपदी मुर्मू. पती आणि दोन मुलगे गमावल्यानंतर त्या ध्यानाकडे वळल्या, त्याही ब्रह्माकुमारींकडेच. 2022 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी नाव जाहीर झाल्यावर रायरंगपूरच्या शिवमंदिरात झाडू मारतानाचं त्यांचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. त्याही आधी राज्यपाल होत्या, झारखंडच्या, 2015 ते 2021. त्यांच्या टेबलावर 2017 मध्ये दोन प्रकारची विधेयकं आली, सरकार त्यांच्याच मूळ पक्षाचं. आदिवासींच्या जमिनीसंबंधीचे छोटानागपूर आणि संथाळ परगणा कूळकायदे बदलणारी विधेयकं त्यांनी परत पाठवली. धर्मांतराला आळा घालणारं विधेयक आलं, त्याला मंजुरी दिली.

आश्रम एकच, शुभ्र साड्यांतल्या भगिनीही त्याच, ध्यानाची पद्धत तीच. एकीने धर्मांतराचं विधेयक परत केलं, दुसरीने त्याच जातीच्या विधेयकावर सही केली. मुर्मूंच्या जमिनीच्या निर्णयाला आश्रमापेक्षा त्यांचं संथाळ असणं जवळचं असावं. म्हणजे आश्रमावरून सही ओळखता येत नाही. सही पाहूनच सही ओळखावी लागते.

सगळ्यात जुनं उदाहरण तर पहिल्याच राष्ट्रपतींचं आहे. राजेंद्रबाबू 11 मे 1951 रोजी सोमनाथच्या प्रतिष्ठापनेला गेले, नेहरूंना ते पसंत नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलावरून राजेंद्रबाबूंनी नेहरूंना कळवलं की या बिलाबाबत आपल्याला स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा आहे. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड यांचा सल्ला घेतला. तो राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचं ऐकावं असाच होता. त्याच महिन्यात बिल रखडल्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला, 1956 मध्ये हिंदू वारसा कायदा. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा आणि बायकोला घटस्फोटाचा हक्क देणाऱ्या या दोन्ही कायद्यांवर सही राजेंद्रबाबूंची आहे. मन मान्य करत नसताना केलेली सही. सोमनाथला जाणारा माणूस धार्मिक होता म्हणून नापास करायचा, की न पटलेल्या कायद्यावरही सही करणारा म्हणून पास करायचा? मी पास करीन. सोमनाथच्या व्यासपीठावर राष्ट्रपती म्हणून जाणं मला आजही पटत नाही, ते वेगळं.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. जॉन केनेडी कॅथलिक. त्यांना पोप आदेश देईल अशी प्रोटेस्टंटांना धास्ती. 12 सप्टेंबर 1960 ला ह्यूस्टनमध्ये ते पाद्रींच्याच सभेत उभे राहिले आणि सांगितलं, की पदाचं कर्तव्य आणि माझा विवेक यांत खरोखर तेढ आली तर मी पद सोडीन. 2008 मध्ये बराक ओबामांच्या शिकागोच्या चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांच्या फिती फिरल्या, तेव्हा ओबामांना फिलाडेल्फियात भाषण करावं लागलं, आणि दोनेक महिन्यांत ते चर्चही सोडावं लागलं. केनेडींना प्रश्न पदाचा होता, ओबामांना संगतीचा. पहिल्याला उत्तर देता येतं. दुसऱ्यात माणूस नुसता अंग झाडत राहतो.

आता दिल्ली आणि अमेरिका सोडून आपल्या जिल्ह्यात येऊ. इथला प्रश्न मला जास्त अवघड वाटतो.

2019 ची सोलापूर लोकसभा. आपण माढ्यात, आपलं मतदान 23 एप्रिलला. त्यांचं पाच दिवस आधी, 18 एप्रिलला. भाजपने उमेदवारी दिली अक्कलकोट तालुक्यातल्या गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांना. समोर माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे, आणि वंचितचे प्रकाश आंबेडकर. महाराजांना 5,24,985 मतं पडली, शिंद्यांना 3,66,377, आंबेडकरांना 1,70,007. भगव्या वस्त्रातला, हातात दंड घेतलेला खासदार सोलापूरने दिल्लीला पाठवला.

त्या वेळी चहाच्या टपऱ्यांवर दोन सूर ऐकू यायचे. एक, ‘महाराजांना ना पोर ना बाळ, खातील कुणासाठी?’ दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटला, ‘ज्यांच्या पाया पडायचं त्यांना पाण्याचं विचारायचं कसं?’ सोलापूर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं. नगरसेवकाच्या घरासमोर रिकाम्या घागरी नेऊन बसता येतं. मठाच्या दारात घागर आपटायला हात धजत नाही. सगळा पेच या वाक्यात आहे. महाराजांची श्रद्धा काय, ते कोणतं लिंग पूजतात, कोणतं व्रत पाळतात, याच्याशी मतदाराला कर्तव्य नाही. भक्ताचा हात जाब विचारण्याआधीच नमस्कारासाठी जोडला जातो, त्याच्याशी आहे. लागेबांधे तपासायचे ते उमेदवाराचे देवाशी असलेले नव्हेत, मतदाराचे उमेदवाराशी असलेले.

आणि याच निवडणुकीत एक सरळ, कोरडा, धर्माशी संबंध नसलेला प्रश्न होता. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. महाराजांचं प्रमाणपत्र बेडा जंगम जातीचं. फेब्रुवारी 2020 मध्ये जात पडताळणी समितीने ते अवैध ठरवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि खासदारकीची मुदत मात्र पुरी झाली. 2024 ला पक्षाने त्यांना पुन्हा उभं केलं नाही. उमेदवारी आपल्या तेव्हाच्या आमदारांना, राम सातपुते यांना दिली, आणि ते प्रणिती शिंदे यांच्याकडून हरले. राखीव जागेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न मतदानाआधी जेवढ्या जोरात विचारायला हवा होता तेवढा विचारला गेला नाही. विचारणारा लगेच ‘मठाचा विरोधक’ ठरायचा. जळगावच्या बँकेचं जे झालं तेच इथे प्रमाणपत्राचं झालं. तिथे हशाने झाकलं, इथे आदराने.

मग भक्ताने काय करावं, भक्ती सोडावी? मी असं म्हणणार नाही, आणि अकलूजमध्ये तर नाहीच. तुकोबांची पालखी नीरा ओलांडून इथे येते, माने विद्यालयाच्या मैदानात गोल रिंगण होतं. त्या गर्दीत कोण कोणाच्या पाया पडतो ते पाहिलंत का कधी? तुम्ही वाकायच्या आधी समोरचा वाकलेला असतो. वाकणं आणि बरोबरीने उभं राहणं एकाच वेळी चालू असतं. जनाबाई, नामदेव, तुकोबा, सगळे विठ्ठलाशी भांडले आहेत, त्याला नाही नाही ते बोलले आहेत, आणि ते बोलणं भक्तीत धरलं जातं. देवाशी भांडणाऱ्यांच्या परंपरेतल्या माणसाला खासदार झालेल्या महाराजांशी भांडणं जड का जावं?

तसं भांडण याच जिल्ह्यात झालंही आहे. आषाढीची महापूजा मुख्यमंत्र्यांनी करायची, याची आपल्याला इतकी सवय आहे की तो धर्म आणि राज्य यांचा संबंध आहे हे लक्षातही येत नाही. 2018 च्या जुलैमध्ये मराठा आरक्षणाचा निर्णय होईपर्यंत मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही, असं आंदोलकांनी सांगितलं. देवेंद्र फडणवीस पंढरपूरला आले नाहीत, पूजा मुंबईत ‘वर्षा’वर केली. वारीच्या तोंडावर वाट अडवणं मला बरं वाटत नाही. लाखो वारकऱ्यांच्या सोहळ्यात ताण कशाला, असं मला तेव्हाही वाटलं. पण त्या लोकांना एक गोष्ट कळली होती. मुख्यमंत्र्यांच्या धर्माबद्दल त्यांची तक्रार नव्हती, मंदिराच्या वाटेवर त्यांनी राज्याच्या कामाचा जाब विचारला.

आता पुन्हा कायद्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2017 ला अभिराम सिंह खटल्यात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या त्याच 123 व्या कलमाचा अर्थ रुंद केला. उमेदवाराच्या धर्माच्या नावाने मत मागता येत नाही, तसं मतदाराच्या धर्माच्या नावानेही मागता येत नाही. सात न्यायमूर्तींपैकी चार एका बाजूला, तीन दुसऱ्या. तीन न्यायमूर्तींची हरकत अशी की समाज म्हणून भोगलेल्या अन्यायाबद्दल लोकांशी बोलण्याची वाटच बंद होईल. मला या तिघांचंही पटतं. कायद्याने तोंड बंद करण्यापेक्षा लोकांनी प्रश्न नीट विचारले तर बरं. पण नीट विचारायचे तर आधी वाचावं लागतं, आणि तिथे आपण सगळेच आळशी आहोत. मतदानाच्या आधी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र इंटरनेटवर असतं. राज्यपालांनी परत केलेल्या विधेयकाची बातमी वर्तमानपत्रात असते, बहुधा आतल्या पानावर.

पुढची राष्ट्रपतिपदाची निवडणूक 2027 च्या जुलैपर्यंत होईल. 1971 चीच जनगणना धरायची असल्याने माळशिरसच्या मताचं मूल्य अजूनही 175 आहे. उमेदवार कोण असेल हे मला ठाऊक नाही. कुठल्या तरी देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात किंवा आश्रमात त्यांचं छायाचित्र निघेल आणि त्यावरून आठ दिवस धुरळा उडेल, एवढं सांगता येतं. तेव्हा तुमच्यातल्या दोघा-चौघांनी आपल्या आमदारांकडे जावं. मतदान गुप्त असतं, मत कोणाला देणार हे ते सांगणार नाहीत, सांगूही नये. पण या उमेदवाराने याआधी कोणत्या कागदावर सही केली, कोणता परत पाठवला आणि काय कारण लिहून पाठवला, एवढं तरी आमदारसाहेबांनी वाचलं आहे का, हे त्यांना विचारता येईल. वाचलं नसेल तर कात्रण सोबत न्या.